‘कुत्र्याची छत्री’ : एका विषारी कवकाची ओळख आणि त्याचे मराठीतील नाव

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने रानातील छत्र्यांविषयी लिहावे, ह्याचे वाचकांस थोडे नवल वाटण्याचा संभव आहे. विषय उघडच वनस्पतिशास्त्राच्या शेजारचा आहे आणि त्यातील अधिकार कवकशास्त्रज्ञांचा आहे. तथापि प्रस्तुत लेखकास ह्या विषयाकडे वळविले ते एका शब्दसूचीने. बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद तालुक्यात रानातील खाद्यवस्तूंच्या नावांची टिपणे करण्याचे काम चालू होते. श्रावणातील एका सकाळी एका वृद्ध बाईंच्या टोपलीत दोन पांढऱ्या छत्र्या दिसल्या. एक बाईंनी स्वतः खणून आणलेली होती, दुसरी त्यांच्या नातवाने वाटेवरून तोडून टोपलीत टाकलेली होती. दोहोंचा रंग पांढरा, दोहोंच्या माथ्यावर तपकिरी छटा, दोहोंच्या दांड्यास कडे. लेखकाने वहीत दोहोंपुढे एकच शब्द लिहिला : ‘छत्री’.

बाईंनी पहिली छत्री राहू दिली व दुसरी बांधापलीकडे भिरकावली. दोहोंत फरक काय, असे विचारता त्या म्हणाल्या, “वरून काय पाह्यता, गुर्जी? पोट पाहा तिचं.” फेकलेली छत्री उचलून उलटी केली तेव्हा तिच्या आतील बाजूस मळकट हिरवी झाक दिसली.

शब्दसूचीतील अशी चूक उच्चाराची किंवा लिंगाची असती, तर ती मुद्रिते तपासताना दुरुस्त झाली असती. येथे मात्र एका शब्दाखाली दोन वस्तू गेल्या होत्या आणि त्यांपैकी एक घरातील सर्वांस आजारी पाडू शकणारी होती. ही चूक एकट्या लेखकाच्या वहीपुरती नाही. ती आपल्या सर्वसामान्य मराठीच्या रचनेतच आहे, असे पुढे विचार करता लक्षात आले. त्या दोन छत्र्या कोणत्या, त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, विषारी छत्रीचे विष कोणत्या स्वरूपाचे असते, आणि तिला मराठीत स्वतःचे नाव का नाही, ह्या चार प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा मानस आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत ह्या वस्तूंसाठी प्रचलित असलेले सामान्य शब्द म्हणजे अळंबे अथवा अळंबी, भूछत्र, आणि कुत्र्याची छत्री. कृषिविषयक लेखनात ‘अळिंबी’ हे रूप रूढ झाले आहे व त्यातूनच ‘धिंगरी अळिंबी’ यांसारखी लागवडीच्या जातींची नावे आली. ‘अळंबे’ ह्या शब्दाचे कन्नडमधील ‘अणबे’ ह्या शब्दाशी असलेले साम्य नजरेत भरण्याजोगे आहे. ‘भूछत्र’ हा संस्कृत घडणीचा शब्द मुख्यतः ग्रंथांत व पाठ्यपुस्तकांत वावरतो.

संस्कृत वाङ्मयात छत्राक, कवक, शिलीन्ध्र असे शब्द आढळतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा यांच्या पंक्तीला कवक बसविले असून द्विजांस ते निषिद्ध मानले आहे. मेघदूतात मेघगर्जनेने भूमीतून शिलीन्ध्र वर येतात असे वर्णन आहे व ते भूमीच्या सुफलतेचे चिन्ह म्हणून आले आहे. ह्या दोन उल्लेखांहून आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो सुश्रुतसंहितेतील. सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात भूमी फोडून येणाऱ्या ह्या भाज्यांची विभागणी त्या कशावर उगवतात ह्यावरून केली आहे : पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणाऱ्या. रंग व आकार बाजूला ठेवून आधारद्रव्यावरून वर्ग पाडण्याची ही दृष्टी अत्यंत व्यवहारी आहे. कारण कवक स्वतः अन्न तयार करीत नाही, ते ज्यावर जगते त्याच्याशी त्याचे नाते घट्ट असते.

हीच दृष्टी आजच्या लोकभाषांतही जिवंत आहे. गोव्यात सर्वांत अधिक मान असलेल्या जातीस ‘रोंयणी अळमी’ म्हणतात. ‘रोंयण’ म्हणजे वारूळ. पूर्व विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या भागांत, ‘सात्या’ हा शब्द पावसाळ्यात बाजारात ऐकू येतो, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे ‘टेकोडे’. हे शब्द वापरणारा मनुष्य नावाबरोबरच ती वस्तू कोठे मिळते, कोणत्या नक्षत्रात मिळते व कशी काढावी, हेही जाणतो. अशा ठिकाणी नाव म्हणजे अनुभवाची गाठोडीच असते.

आता ‘कुत्र्याची छत्री’ ह्या शब्दाकडे वळू. हिंदीतील ‘कुकुरमुत्ता’ हा शब्दही कुत्र्याशीच निगडित आहे. दोन्ही शब्दांत ‘हे माणसाच्या उपयोगाचे नाही’ एवढाच निर्णय सांगितला आहे. कोणत्या वस्तूविषयी तो आहे, हे सांगितलेले नाही. शेणावर उगवून दुपारपर्यंत शाईसारखी वितळणारी छत्री, कुजक्या लाकडावरील पिवळी छत्री, गावठाणातील हिरव्या पोटाची छत्री, आणि प्राणघातक वर्गातील छत्री ह्या सर्व ‘कुत्र्याच्या छत्र्या’च होत. लोकवर्गीकरणाचे अभ्यासक अशा शब्दास अवशिष्ट वर्ग म्हणतात : ज्यांना नावे द्यावीशी वाटली त्यांना दिली, उरलेले सर्व एका पोत्यात भरले. इंग्रजीतील ‘टोडस्टूल’ हा शब्दही असाच. व्हॅलेंटिना व गॉर्डन वॉसन ह्या दांपत्याने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात समाजांचे कवकप्रिय व कवकभीरू असे दोन प्रकार कल्पिले होते. महाराष्ट्रात ह्या दोन्ही वृत्ती शेजारी शेजारी नांदतात. सह्याद्री, कोकण व पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात खाद्य जातींना नावे आहेत, तर पठारावरील शेतकरी कुटुंबांत बहुधा एकच शब्द आहे व तो दूर राहण्याचा आहे.

जोपर्यंत दूर राहण्याचा नियम पाळला जातो तोपर्यंत एक शब्द पुरेसा असतो. तो मोडला की मात्र पोत्यातील वस्तू वेगवेगळ्या ओळखण्याचे कोणतेही साधन भाषा आपल्या हाती ठेवीत नाही.

३

टोपलीतील पहिली छत्री वारुळाची. शास्त्रीय परिभाषेत ह्या प्रजातीचे नाव टर्मिटोमायसीज. वाळवी व कवक ह्या अर्थांच्या दोन शब्दांचा हा समास आहे. रॉजर हाइम ह्या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने ही प्रजाती १९४२ मध्ये स्थापिली आणि त्यांच्याच नावावरून के. नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातील एका जातीस टर्मिटोमायसीज हायमी असे नाव दिले. दख्खनच्या पठारावर वारुळे करणारी वाळवी जमिनीखाली चावलेल्या लाकूडपाल्याचे सच्छिद्र पोळे रचते व त्यावर हे कवक वाढविते. लाकडातील कठीण द्रव्ये कवक पचनसुलभ करते व वाळवी ते खाते. पावसाने जमीन भिजली की ह्या पोळ्यातून एक लांब, मुळासारखा दांडा वर येतो, जमीन फोडतो आणि छत्री उघडते. जमीन भेदण्यासाठी तिच्या माथ्यावर कठीण टोक असते. छत्री पूर्ण पसरल्यावरही मध्यभागी हा उंचवटा हाताला लागतो. कडा पुष्कळदा उभ्या चिरतात. आतील पापुद्रे पांढरे असून जून झाल्यावर त्यांवर फिकट गुलाबी छटा येते. (छत्राच्या आतील बाजूस चाकाच्या आऱ्यांप्रमाणे लागलेल्या पातळ पडद्यांस येथे ‘पापुद्रे’ म्हटले आहे.)

दुसरी छत्री क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ह्या जातीची. जी. मायर यांनी १८१८ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले आणि मॅसी यांनी १८९८ मध्ये तिला क्लोरोफायलम ह्या प्रजातीत घातले. नावाची फोड करून पाहणे बोधप्रद आहे. ‘क्लोरॉस’ म्हणजे फिकट हिरवा, ‘फिलॉन’ म्हणजे पान, येथे पापुद्रा. ‘मॉलिब्डॉस’ म्हणजे शिसे. म्हणजे ‘शिसवट हिरव्या पापुद्र्यांची’ एवढेच हे भारदस्त नाव सांगते. जळगाव जामोदच्या बाईंनी जी खूण सांगितली तीच खूण शास्त्रज्ञांनी ग्रीक भाषेत सांगितली आहे.

ही जात उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली असून भारतातही सामान्य आहे. पावसानंतर गवताळ जागी, गायरानात, झाडीच्या कडेस, बागेत, शेणखत पडलेल्या पडीत जमिनीत ती एकेकटी किंवा वर्तुळाकार रांगेत येते. कोवळेपणी ती पडघमाच्या काठीसारखी दिसते : वर अंडाकृती गोंडा व खाली दांडा. पुढे छत्र पसरते आणि त्याचा व्यास दहापासून तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. पृष्ठभाग पांढरा, मध्यभागी तपकिरी सलग चकती व तिच्याभोवती विखुरलेले तपकिरी खवले. दांडा उंच, गुळगुळीत, तळाशी किंचित फुगीर. दांड्यास जाड कडे असते व ते जून छत्रीत वरखाली सरकविता येते. पापुद्रे दांड्यास चिकटलेले नसतात. आरंभी ते पांढरे असतात. बीजाणू पक्व होऊ लागले की करडे हिरवे होतात.

घोटाळा येथेच आहे. टर्मिटोमायसीज हायमी ह्या जातीसही कडे असते व माथ्यावर तपकिरी अंश असतो. दोन्ही पांढऱ्या, मांसल, वासाला वाईट नसलेल्या. हिरवी छटा येण्यापूर्वीची कोवळी मॉलिब्डायटिस छत्री उलटी करून पाहिली तरी पोट पांढरेच दिसते. त्यामुळे ‘पोट पाहा’ हा नियम बरोबर असूनही तो उमललेल्या, जून छत्रीपुरताच लागू होतो, ही मर्यादा विसरता कामा नये. बाईंना हा नियम एकटा वापरावा लागत नव्हता. वारुळाची जागा, ऋतू, जमिनीतील मूळ, हाताला लागणारे टोक ह्या सर्व खुणांच्या मेळात तो होता. परक्या माणसाने त्यांतील एकच खूण उचलली की ती अपुरी पडते.

४

ओळख पटविण्याची शास्त्रीय रीत घरच्या साधनांनीही समजावून घेता येते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ती एकदा करून पाहावी. अर्थात ती केवळ ओळखीसाठी आहे, खाण्याच्या परवान्यासाठी नव्हे.

पहिली रीत बीजाणूंचा ठसा घेण्याची. उमललेल्या छत्रीचा दांडा छत्रालगत कापावा. अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद घेऊन त्यावर छत्र पापुद्रे खाली येतील असे ठेवावे, वर वाटी उपडी घालावी आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी छत्र उचलले म्हणजे कागदावर आऱ्यांची नक्षी उमटलेली दिसते. मॉलिब्डायटिसचा ठसा मळकट हिरवा येतो, टर्मिटोमायसीजचा फिकट गुलाबी. मोठ्या छत्र्यांमध्ये हिरवा ठसा देणाऱ्या जाती इतक्या थोड्या आहेत की ही खूण जवळजवळ निर्णायक ठरते. कागदाचा काळा भाग अशासाठी की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. आणि पांढरा ठसा आला म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही, कारण अत्यंत घातक अशा अ‍ॅमॅनिटा प्रजातीचा ठसा पांढराच असतो.

दुसरी रीत खणण्याची. छत्री उपटू नये. भोवतालची माती खुरप्याने काढीत खाली जावे. वारुळाच्या छत्रीचे मूळ निमुळते होत वाळवीच्या पोळ्यापर्यंत पोहोचते. मॉलिब्डायटिसचा दांडा वीतभर खाली न जाताच मातीत संपतो. अ‍ॅमॅनिटा प्रजातीच्या दांड्याच्या तळाशी पुष्कळदा पातळ पिशवीसारखा पेला असतो व तो मातीत गाडलेला राहतो. वरून तोडलेल्या छत्रीत ही सर्व साक्ष जमिनीतच राहून जाते. नातवाने तोडलेली व आजीने खणलेली ह्या दोन छत्र्यांतील भेद येथूनच सुरू झाला होता. इतरही काही कवकांना मुळासारखा लांब दांडा असतो. म्हणून वाळवीचे पोळे प्रत्यक्ष दिसेपर्यंत मूळ हा पुरावा अर्धाच समजावा.

याउलट, ज्या परीक्षा परंपरेने सांगितल्या जातात त्यांपैकी बहुतेक निरुपयोगी आहेत. शिजविताना चांदीचे नाणे किंवा लसणीची पाकळी टाकावी व ती काळी पडते का हे पाहावे, असे म्हणतात. चांदी गंधकयुक्त द्रव्यांमुळे काळवंडते; अ‍ॅमॅनिटाच्या विषाचा तिच्याशी काही संबंध नाही. किड्यांनी खाल्लेली छत्री माणसास चालते, हेही खरे नाही. किड्यांचे व माणसाचे शरीर एका नियमाने चालत नाही. भडक रंगाची ती विषारी व पांढरी ती निर्दोष ही समजूत तर सर्वांत घातक होय, कारण प्रस्तुत लेखातील विषारी छत्री पांढरीच आहे. मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून किंवा खूप शिजवून विष जाते, ही समजूतही विश्वसनीय नाही.

५

विषाच्या स्वरूपाविषयी दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवावयास हव्यात, कारण त्यांवर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते.

मॉलिब्डायटिसचे विष मुख्यतः पोटावर आघात करते. खाल्ल्यानंतर साधारणतः एक ते तीन तासांत मळमळ, तीव्र पोटशूळ, वारंवार उलट्या व जुलाब सुरू होतात. काही वेळा जुलाबात रक्त पडते. शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने जातात आणि त्यामुळे लहान मुले व वृद्ध यांस विशेष धोका असतो. योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण एक ते तीन दिवसांत बरे होतात. मृत्यू क्वचितच ओढवतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये ह्या कवकातून प्रथिने तोडणारे एक विषारी विकर वेगळे केले व त्यास मॉलिब्डोफायलिसिन असे नाव दिले. ह्या कवकातील प्रथिनरूप विष उष्णतेने दुर्बळ होते. परंतु घरगुती शिजविण्यात ते सर्वत्र सारखे व पुरेसे तापत नाही, आणि शिजविलेल्या भाजीनेही लोक आजारी पडलेले आहेत. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे एकाच भांड्यातील भाजी खाऊन एखाद्यास काहीच होत नाही व दुसरा अंथरुणाला खिळतो. ‘आमच्याकडे एकाने खाल्ली होती, त्याला काही झाले नाही’ ही साक्ष त्यामुळे सर्वस्वी कुचकामाची ठरते.

दुसऱ्या प्रकारचे विष अ‍ॅमॅटॉक्सिन हे होय. युरोपातील अ‍ॅमॅनिटा फॅलॉयडीस ह्या जातीमुळे ते कुप्रसिद्ध झाले. परंतु अ‍ॅमॅनिटा प्रजातीच्या अन्य काही जातींत आणि लेपिओटा प्रजातीच्या काही लहानशा, निरुपद्रवी दिसणाऱ्या छत्र्यांतही ते असते. हे विष पेशीकेंद्रातील आरएनए घडविणाऱ्या विकरास अडविते. त्यामुळे पेशीत नवी प्रथिने निर्माण होणे थांबते व यकृत निकामी होऊ लागते. शिजविल्याने ते नष्ट होत नाही. त्याचे सर्वांत कपटी लक्षण म्हणजे विलंब. सहा ते चोवीस तास रुग्णास काहीच जाणवत नाही. नंतर उलट्या-जुलाब होतात, ते ओसरतात, रुग्णास बरे वाटू लागते, आणि दोन-तीन दिवसांनी यकृताचा ऱ्हास उघड होतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामच्या वरच्या खोऱ्यातील चहामळ्यांच्या जिल्ह्यांत रानातील छत्र्या खाऊन अनेक लोक आजारी पडले व तेरा जण दगावले. ती कुटुंबे रानभाज्यांस अपरिचित नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ह्यावरून व्यवहारी नियम असा निघतो : खाल्ल्यापासून सहा तासांच्या आत त्रास सुरू झाला तर तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो, सहा तासांनंतर सुरू झाला तर प्राणसंकट समजावे. तथापि एकाच टोपलीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात व मग लवकर आलेली लक्षणे उशिरा येणाऱ्या लक्षणांना झाकून टाकतात. यास्तव कोणत्याही परिस्थितीत घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. त्याच्याबरोबर ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सर्वांस न्यावे, मग त्यांना त्रास होत असो वा नसो. उरलेली कच्ची छत्री कागदात गुंडाळून व शिजविलेली भाजी भांड्यात घालून बरोबर घ्यावी. केव्हा खाल्ले व पहिली उलटी केव्हा झाली, ह्या दोन वेळा लिहून ठेवाव्यात. डॉक्टरांस ह्याहून मोलाची माहिती घरच्या माणसाकडून क्वचितच मिळते. तेथे ‘कुत्र्याची छत्री खाल्ली’ एवढे सांगून भागत नाही, कारण त्या शब्दाने यातील कोणत्याही विषाचा बोध होत नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. हा एकच शब्द पूर्वी पुरत होता, तर आज तो अपुरा का पडावा? ह्याची दोन कारणे सांगता येतात व दोन्ही भाषिक आहेत.

पहिले कारण जळगाव जामोद तालुक्यातच दिसते. येथे वऱ्हाडी मराठी ही आर्यकुलातील, कोरकू ही मुंडा कुलातील आणि निहाली ही कोणत्याही ज्ञात कुलात निःसंशयपणे न बसणारी, अशा तीन भाषा एकमेकींच्या शेजारी बोलल्या जातात. स्टेन कोनो यांनी १९०६ च्या भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात निहालीची नोंद घेतली. सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ मध्ये तिची क्षेत्रीय टिपणे प्रसिद्ध केली. कायपर यांचा तौलनिक अभ्यास १९६२ चा, व आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह १९९६ चा. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास मानली जाते आणि तिच्या शब्दसंग्रहात कोरकू व मराठी यांतून आलेल्या शब्दांचा वाटा मोठा आहे. बाजार, शाळा व मजुरी ह्यांच्या निमित्ताने मराठी-हिंदीचा वापर वाढतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु शब्द उसना घेतला जातो तेव्हा देणाऱ्या भाषेतील वर्गीकरणही त्याच्याबरोबर येते. जी भाषा रानात जगते तिच्यात वस्तूवस्तूंतील भेद सांभाळलेले असतात. अशा भाषेतील पाच नावांच्या जागी ‘छत्री’ हा एकच शब्द आला, तर बोलणारा अडाणी होत नाही. पण आपल्या नातवास भेद शिकविण्याचे सुलभ साधन त्याच्या हातून जाते. आजीचे ज्ञान तिच्या डोळ्यांत व हातांत टिकून राहते, नातवाच्या तोंडी मात्र एकच शब्द उरतो. त्या सकाळी टोपलीत दोन छत्र्या एकत्र आल्या त्या ह्याचमुळे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरे कारण नागर जीवनातील आहे. ‘मश्रूम’ हा शब्द आता मराठीत पूर्णपणे रुळला आहे. तो आला तो पाकिटातून व हॉटेलच्या पदार्थांच्या यादीतून. त्यामुळे त्याच्या अर्थात ‘खाण्याची वस्तू’ हा अंश आरंभापासूनच मुरलेला आहे. शहरातील मूल प्रथम ‘मश्रूम’ खाते व नंतर कधी तरी मैदानातील छत्री पाहून तिलाही ‘मश्रूम’च म्हणते. ‘कुत्र्याची छत्री’ ह्या शब्दात निषेध होता. ‘मश्रूम’ ह्या शब्दात आमंत्रण आहे. वस्तू तीच राहून नाव बदलले की तिच्याशी वागण्याची रीतही कशी बदलते, ह्याचे याहून बोलके उदाहरण अर्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास क्वचितच सापडेल.

७

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की आपल्या भाषेत खाद्य छत्र्यांना नावे आहेत व विषारी छत्र्यांना नावे नाहीत. व्यवहारात ह्याच्या उलट असावयास हवे होते. निदान जी विषारी जात सर्वांत सामान्य आहे तिला तरी स्वतःचे नाव हवे. शास्त्रीय नाव गावात टिकणार नाही. ‘हरितपटल भूछत्र’ असा संस्कृत शब्द घडविता येईल. तो परिभाषेच्या कोशात शोभेल, परंतु नातवास हाक मारून सावध करणारी आजी तो उच्चारणार नाही. म्हणून तिच्याच बोलातून घेतलेला ‘हिरवपोटी’ हा शब्द प्रस्तुत लेखक सुचवितो. त्यात ओळखीची खूण आहे, ती पाहण्यासाठी छत्री उलटी करावी लागते हेही त्यात आले, आणि क्लोरोफायलम ह्या ग्रीक नावाचा अर्थही त्यात तंतोतंत उतरला आहे. कोवळी हिरवपोटी पांढऱ्या पोटाची असते, हा अपवाद मात्र नावाबरोबर प्रत्येक वेळी सांगावा लागेल. कोणतेही नाव सर्व खुणा सामावून घेऊ शकत नाही.

रानभाज्यांची नावे गोळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस यावरून एक सूचना करावीशी वाटते. शब्द टिपताना त्यापुढे प्रमाण मराठी प्रतिशब्द लिहून थांबू नये. वस्तू कोठे उगवली, केव्हा, कशी काढली, सांगणाऱ्याने तिच्यात काय पाहिले व काय टाकून दिले, हे लिहावे. विशेषतः जे टाकून दिले त्याची नोंद अवश्य करावी. आजवरच्या शब्दसूच्यांत खाण्याच्या वस्तू आहेत, टाकलेल्या वस्तू नाहीत. आणि ज्या छत्रीची ओळख जाणत्या माणसाने प्रत्यक्ष पटविलेली नाही ती, ह्या लेखातील वर्णनाशी जुळत असली तरी, खाऊ नये. लेख वाचून ओळख पटत नाही, एवढे तरी ह्या लेखावरून पटावे.

प्रस्तुत लेखकाच्या वहीतील ती नोंद आता दुरुस्त केली आहे. ‘छत्री’ ह्या शब्दापुढे दोन ओळी आहेत. पहिलीत लिहिले आहे : वारुळाची, खणून काढलेली, माथ्यास टोक, पोट पांढरे, ठेवली. दुसरीत : वाटेवरची, तोडलेली, पोट हिरवे, टाकली.